घरच्या ग्रो लाइटसाठी एलईडी पट्टी आणि ड्रायव्हर कसा निवडावा

आमच्या फ्लॅटची बाल्कनी उत्तरेकडची. पावसाळ्यात ढग असतात. कोथिंबिरीचा खरा हंगाम हिवाळा, आणि नेमका तेव्हाच सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. धणे रगडून पेरले की उगवतात छान, पण उगवून आठवडा होत नाही तोच देठ पांढुरके, लांबच लांब होतात आणि रोपं आडवी पडतात. म्हणून घरातल्या रॅकच्या 60 बाय 45 सेंटिमीटरच्या एका कप्प्याला मी ग्रो लाइट, म्हणजे झाडं वाढवायचा दिवा, बांधला. पहिल्या वेळी आधी अडॅप्टर आणला, मग त्यावर चालेल अशी पट्टी शोधली आणि झाडांचा विचार शेवटी केला. क्रम याच्या उलट हवा: आधी झाड, मग त्याला लागणारा उजेड, मग पट्टी, आणि पट्टीला हवी तशी वीज पुरवणारा ड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

आधी उजेडाचा हिशेब

डोळ्यांना लख्ख वाटणारी खोली झाडाला अंधारीच असते. झाडाचा उजेड मायक्रोमोलमध्ये मोजतात: एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती पडतो. मेथी, कोथिंबीर, लेट्यूस, तुळस यांना 200 मायक्रोमोल आणि रोज 12 ते 14 तास एवढा उजेड घरच्या पिकाला पुरतो. टोमॅटो, मिरचीला याच्या दुप्पट तरी लागतो. सुरुवात त्यांच्यापासून करू नका.

माझा कप्पा 0.27 चौरस मीटरचा. त्याला 200 ने गुणलं की 54 येतात. बराच उजेड बाजूंनी निसटतो, म्हणून 75 धरू. आता पट्टीच्या पाकिटावर बघा. मीटरला 14.4 वॅट आणि 1,400 ल्युमेन लिहिलं असेल, तर एका वॅटला साधारण 97 ल्युमेन झाले. पांढऱ्या एलईडीसाठी ल्युमेनला 70 ने भागलं की अंदाजे मायक्रोमोल मिळतात, म्हणजे वॅटला सुमारे 1.4. तेव्हा 75 मायक्रोमोलसाठी 54 वॅट लागतील. चांगल्या प्रतीच्या, वॅटला 2.5 मायक्रोमोल देणाऱ्या पट्ट्या असतील तर 30 वॅटमध्ये काम होतं. पट्टी महाग की स्वस्त हे ठरवताना रोजच्या 14 तासांचं वीजबिल हिशेबात धरा.

पट्टी: कापायच्या खुणा मोजा

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक, 5 मीटरचा लवचीक रोल, फॉल्स सीलिंगमध्ये लावतात तो. दुसरा, अॅल्युमिनियमच्या पाठीवर बसवलेल्या कडक पट्ट्या. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत, लॅमिंग्टन रोडवर चौकशी करताना यातलं काय हवं ते आधी ठरवून जा.

रोल घेणार असाल तर 24 व्होल्टचाच घ्या. 72 वॅटच्या रोलला 12 व्होल्टवर 6 अँपिअर लागतात, 24 वर 3. प्रवाह दुप्पट झाला की तांब्याच्या त्या पातळ थरात व्होल्टेज गळतं. माझा पहिला रोल 12 व्होल्टचा होता आणि सगळा एकाच टोकाकडून जोडलेला. जवळचा मीटर पांढराशुभ्र, शेवटचा मंद. चार दिवसांत ट्रेमधली उजव्या बाजूची सगळी कोथिंबीर डावीकडे मान वळवून उभी होती.

आता एक बारीक गोष्ट, जी पाकिटावर नसते. पट्टीवर कात्रीच्या खुणा असतात. दोन खुणांमध्ये किती एलईडी आहेत ते मोजा. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात. 24 व्होल्टच्या पट्टीत 6 एलईडी असतील तर 18 व्होल्ट कामी येतात आणि उरलेले 6 रेझिस्टरमध्ये, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या छोट्या भागात, तापून जातात, म्हणजे विजेचा चौथा हिस्सा. 7 असतील तर वाया जाणारा हिस्सा आठवा. किंमत सारखी असेल तर 7 वाली उचला.

रंगाबद्दल फार डोकं शिणवू नका. 3,000 किंवा 4,000 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) साधा पांढरा उजेड पालेभाज्यांना उत्तम. त्यात निळाही असतो, लालही. शिवाय पान पिवळं पडलं, मावा लागला, तर पांढऱ्या उजेडात लगेच दिसतं. जांभळ्या-गुलाबी दिव्याखाली सगळं काळपट दिसतं. रंग बदलणारे आरजीबी (लाल-हिरवा-निळा) रोल मात्र टाळा. सिलिकॉनचा थर असलेली पट्टी पाण्याला सोसते पण उष्णता कोंडते. मी साधी पट्टी घेऊन ती अॅल्युमिनियमच्या चॅनलमध्ये चिकटवली. प्लायवूडवर थेट चिकटवू नका, एलईडी भाजून निघतात.

दुकानात एक मीटर पट्टी लावून अँपिअर मोजून दाखवायला सांगा. 24 व्होल्टवर 14.4 वॅटच्या मीटरला 0.6 अँपिअर यायला हवेत.

ड्रायव्हर: काय स्थिर ठेवतो ते वाचा

पैसे इथेच जळतात, म्हणून घाई करू नका. काही ड्रायव्हर व्होल्टेज स्थिर ठेवतात, काही प्रवाह. ज्या पट्टीवर रेझिस्टर आहेत आणि ‘24 व्होल्ट’ लिहिलंय, तिला स्थिर व्होल्टेजचा ड्रायव्हर हवा. दुकानात त्यालाच एसएमपीएस म्हणतात. कडक पट्ट्यांवर बहुधा रेझिस्टर नसतात, त्यांच्यावर ‘700 मिलिअँपिअर’ असं काहीतरी असतं. त्यांना स्थिर प्रवाहाचाच ड्रायव्हर लागतो. अशी पट्टी साध्या एसएमपीएसला जोडली, तर ती तापते, तापली की जास्त प्रवाह ओढते, त्याने आणखी तापते, आणि शेवटी जाते.

रोलचा हिशेब सोपा. 60 सेंटिमीटरच्या 8 ओळी म्हणजे 4.8 मीटर, 69 वॅट, 2.9 अँपिअर. आकडा 54 वॅटचा आला होता, पण वरचं अंतर असू द्या. एलईडी जुने होतात तसा उजेड उतरतो. ड्रायव्हर 80 टक्क्यांहून जास्त भरू नये, म्हणून 24 व्होल्ट, 100 वॅटचा घ्या.

कडक पट्ट्यांचं थोडं वेगळं. समजा 20 व्होल्ट, 700 मिलिअँपिअरच्या चार पट्ट्या आहेत. एकामागे एक जोडल्या तर 80 व्होल्ट होतात, आणि ड्रायव्हरवर छापलेल्या व्होल्टेजच्या मर्यादेत हा आकडा बसायला हवा. पण 80 व्होल्टची उघडी जोडणी ओल्या हाताला धोक्याची. समांतर, म्हणजे सगळ्यांचे प्लस एकत्र आणि मायनस एकत्र, जोडल्या तर व्होल्टेज 20 च राहतं आणि ड्रायव्हर 2.8 अँपिअरचा लागतो. मी मुद्दाम 2 अँपिअरचा वापरतो. प्रत्येक पट्टीला 500 मिलिअँपिअर मिळतात, ती कमी तापते आणि त्याच विजेत जास्त उजेड देते. मात्र एखादं टोक सुटलं तर त्याचा प्रवाह बाकीच्या तिघींवर पडतो. जोड पक्के असू द्यात.

ड्रायव्हरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. जाळीदार पत्र्याचा एसएमपीएस स्वस्त असतो, पण त्याच्या 230 व्होल्टच्या स्क्रूंना बोट लागू शकतं. ज्या घरात मुलं आहेत आणि शेजारी पाण्याची झारी आहे, तिथे बंद, आयपी 67 (धूळ आणि पाणी आत न शिरणारा) ड्रायव्हरच हवा.

जोडणी आणि चाचणी

आठही ओळी समांतर जोडा, प्रत्येकीला ड्रायव्हरकडून येणारी स्वतंत्र जोडी द्या. एक स्क्वेअर एमएमची वायर पुरते. क्लिपांपेक्षा सोल्डर केलेला जोड टिकतो. थ्री-पिन प्लग वापरा आणि अर्थिंगची वायर अॅल्युमिनियमच्या चौकटीला स्क्रूने घट्ट बांधा. ड्रायव्हर ट्रेच्या खाली कधीच ठेवू नका, बाजूला उंचावर लावा. वायर आत जाण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलाशीच गळून पडेल.

दिवा पानांपासून 20 ते 25 सेंटिमीटरवर टांगा. फोनमधलं लक्स मोजायचं अॅप पानांच्या उंचीवर धरा. 14,000 लक्सच्या आसपास आलं तर 200 मायक्रोमोल झाले. फोनचा सेन्सर अगदी अचूक नसतो, तरी मधला आणि चारही कोपऱ्यांतला फरक तो बरोबर दाखवतो. कोपरे निम्म्यावर आले असतील तर बाहेरच्या ओळी आणखी कडेला सरकवा. अर्ध्या तासाने चॅनलला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर उष्णता बाहेर पडत नाहीये, अॅल्युमिनियम वाढवा.

टायमर मेथी आणि लेट्यूसला 14 तासांवर लावा, कोथिंबिरीला 12 वर. दिवस लांबला की कोथिंबीर पानं सोडून फुलावर येते.