पत्र्याचं रोल फॉर्मिंग मशीन ऊन-थंडीत कसं चालवावं

नागपूरच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत मे महिन्यात दुपारी दोनला बाहेर पारा कधी कधी 45 च्याही पुढे जातो. शेडच्या आत डोक्यावर पत्र्याचंच छप्पर, खाली तापलेला कोबा, आणि मधोमध रोल फॉर्मिंग मशीन चालू, म्हणजे सपाट पत्रा रोलरच्या जोड्यांमधून वाकवत छपराचे पत्रे काढणारं यंत्र. जानेवारीत त्याच मशीनसमोर सकाळी सातला उभं राहिलं की हवा 10 अंशांवर असते आणि रोलरला हात लावला तर बोटं आखडतात. मशीन तेच, रोलर तेच, कॉइलही (पत्र्याची गुंडाळी) त्याच जाडीची. तरी निघणारा पत्रा सारखा नसतो.

मी या कामात नवा होतो तेव्हा एका गोदामाच्या ऑर्डरमध्ये सकाळी काढलेले आणि दुपारी काढलेले पत्रे ओव्हरलॅपला एकमेकांवर बसेनात. आम्ही दोन दिवस रोलरचे बोल्ट आवळत-सैल करत बसलो. दोष रोलरमध्ये नव्हताच. कॉइल आदल्या दिवसापासून अंगणात पडून होती, तिचं एक तोंड, म्हणजे एक बाजू, पश्चिमेच्या उन्हाकडे होतं. तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे: पत्रा बिघडतो तो उष्णतेच्या आकड्याने नव्हे, तापमानातल्या फरकाने. कॉइल आणि मशीन यांच्यातला फरक, कॉइलच्या दोन कडांमधला फरक, सकाळ आणि दुपारमधला फरक. तो कमी करायला शिकलात तर रोलरला हात लावायची वेळ फार क्वचित येते.

आधी एक गैरसमज दूर करतो. "उन्हाने पोलाद मऊ पडतं, म्हणून प्रोफाइल (पत्र्याचा आकार) बदलतं" असं पुष्कळ ऑपरेटर सांगतात. 10 अंश काय किंवा 50 अंश काय, एवढ्या पट्ट्यात पोलादाची ताकद जवळपास बदलत नाही. बदलते ती लांबी, तेलाची घट्टाई, रंगाच्या थराची लवचिकता आणि इलेक्ट्रॉनिक्सची सहनशक्ती.

तापमान मोजायला लागा

इन्फ्रारेड थर्मामीटर ही या कामातली सगळ्यात स्वस्त गुंतवणूक. पण तो चकचकीत पृष्ठभागावर खोटं बोलतो. झिंक किंवा ॲल्युमिनियम-झिंक थराचा उघडा पत्रा स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो, त्यामुळे 55 अंशांचा पत्रा 35 चा दिसू शकतो. उपाय सोपा आहे. कॉइलवर, रोलरच्या बाजूला आणि तेलाच्या टाकीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा चिकटवा, दोन मिनिटं थांबा आणि नेम टेपवर धरा.

रोज चार जागांचं तापमान वहीत लिहा: कॉइलची दोन्ही तोंडं, मधल्या स्टँडचा (रोलरची जोडी धरणाऱ्या चौकटीचा) रोलर, हायड्रॉलिक तेल आणि विजेच्या पॅनेलच्या आतली हवा. वेळ एकदा सकाळची, एकदा दुपारी तीनची. थर्मामीटरवरही अधूनमधून संशय घ्या. 2024 च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. महिन्यातून एकदा बर्फाच्या पाण्यावर नेम धरून पाहा, शून्याच्या आसपास आकडा यायला हवा.

कॉइल रात्रभर आत ठेवा

हे एवढं एक केलं तरी निम्म्या तक्रारी थांबतात. तीन-चार टनांची कॉइल तापायला आणि निवायला तास न् तास घेते. उन्हातून आणून थेट डिकॉइलरवर (कॉइल उलगडणाऱ्या यंत्रावर) चढवली की बाहेरचे वेढे तापलेले आणि आतले थंड असतात. म्हणजे एकाच कॉइलमधून पहिले पत्रे एका तापमानाचे निघतात आणि शेवटचे दुसऱ्या.

एक तोंड उन्हात असलेली कॉइल त्याहून त्रासदायक. पोलाद दर अंशाला, दर मीटरमागे सुमारे 0.012 मिलिमीटर वाढतं. दोन कडांमध्ये 20 अंशांचा फरक असेल तर 10 मीटरमध्ये गरम कड साधारण अडीच मिलिमीटर लांब होते. आकडा छोटा वाटतो, पण त्याने पट्टी तलवारीसारखी वाकते, एन्ट्री गाइडला (पट्टी आत शिरताना सरळ ठेवणाऱ्या आधाराला) एका बाजूने घासत जाते, आणि बाहेर पडताना एका कडेला लाट दिसते किंवा सपाट भागाचं पोट फुगतं. ऑपरेटर मग गाइड सरकवतो. कॉइलचा गरम भाग संपला की तीच गाइड दुसऱ्या बाजूने चुकीची ठरते.

म्हणून उद्या लागणारी कॉइल आज संध्याकाळी शेडमध्ये घ्या. लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, थेट कोब्यावर नको. पश्चिमेच्या शटरपासून लांब ठेवा. सकाळी दोन्ही तोंडांच्या तापमानात पाचेक अंशांहून जास्त फरक दिसला तर दुसरी कॉइल आधी चढवा. ॲल्युमिनियमचा पत्रा असेल तर हे सगळं दुप्पट काळजीने करा, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं.

तेच मशीनच्याही बाबतीत. दुपारी शटर उघडं राहून फ्रेमची एकच बाजू उन्हात येत असेल तर ताडपत्रीचा पडदा लावा.

थंडीत मशीनला वेळ द्या

हायड्रॉलिक तेलावर 46 किंवा 68 असा ग्रेड लिहिलेला असतो. तो 40 अंशांवरच्या घट्टाईचा आकडा आहे. तेच 46 चं तेल 10 अंशांवर चार-पाच पट घट्ट होतं आणि 70 अंशांवर तिपटीने पातळ. थंड तेलाने पंप कण्हल्यासारखा आवाज काढतो, कटर सावकाश उतरतो. रोलर हायड्रॉलिक मोटरवर चालत असतील तर पत्रा थांबण्याची वेळही बदलते. सकाळच्या पहिल्या दहा पत्र्यांची लांबी उरलेल्यांशी जुळत नाही, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

सकाळी पॉवर पॅक (हायड्रॉलिक तेलाची टाकी आणि पंप) चालू करून 15-20 मिनिटं तेल दाबाविना फिरू द्या. मग रोलर पत्र्याशिवाय चालवा. त्यानंतर कटर चार-पाच वेळा मोकळा वर-खाली करा. तेल 30 अंशांच्या वर गेलं की पहिला पत्रा काढा. ऑर्डर अडली आहे म्हणून हा वेळ वाचवू नका. पहिले पत्रे भंगारात टाकले तर वाचलेला वेळ आणि वर पैसेही जातात.

रोलरची फट थंड मशीनवर सेट करू नका

एक हिशेब मांडतो. वरचा-खालचा असे 150 मिलिमीटर व्यासाचे दोन रोलर 30 अंशांनी तापले तर त्यांच्यामधली फट सुमारे 0.05 मिलिमीटरने कमी होते. 0.50 च्या पत्र्याला हा दहावा हिस्सा झाला. सुदैवाने स्टँडही तितकाच तापला तर तोही वर वाढतो आणि फट जवळपास होती तिथेच येते. गडबड होते ती रोलर तापलेत आणि स्टँड अजून थंड आहे अशा मधल्या वेळी. सकाळी साडेसातला फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून बोल्ट फिरवणारा माणूस नेमका याच वेळी फसतो.

फट तपासायची असेल तर मशीन निदान अर्धा तास चालू द्या. मग मेन स्विच बंद करा, कुलूप लावा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा. मगच गेज आत घाला. दोन्ही टोकांना मोजा आणि आकडा तापमानासह लिहा. पुढच्या वेळी वेगळा आकडा आला तर बोल्ट फिरवण्याआधी वहीतलं तापमान पाहा.

उन्हाळ्यात तेल आणि पॅनेल सांभाळा

तेल 40 ते 60 अंशांच्या दरम्यान ठेवा. त्यापुढे गेलं की दर 10 अंशांना ते सडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो असं ठोकताळ्याने मानतात. सील कडक होतात, कटरचा जोर कमी पडतो, कापलेल्या कडेला बर (खरखरीत कंगोरा) येते. ब्लेडला धार लावूनही बर जात नसेल तर तेलाचं तापमान पाहा. कूलरच्या जाळीत लोकरीसारखी धूळ बसते, ती दर आठवड्याला फुंकून काढा. टाकीतली पातळी पूर्ण ठेवा, कारण कमी तेल लवकर तापतं. उन्हाळ्यात जाड ग्रेड घालायचा की नाही ते मशीनच्या पुस्तिकेवरून ठरवा, आणि एका ग्रेडमध्ये दुसरा ग्रेड कधीही ओतू नका.

पॅनेलच्या बाबतीत माझं मत कडक आहे. बहुतेक ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं) 40 अंशांच्या हवेसाठी बनवलेली असतात आणि त्यापुढे त्यांची क्षमता कमी धरावी लागते. बंद पॅनेलच्या आत हवा बाहेरच्यापेक्षा 10-15 अंशांनी सहज जास्त असते. मग ड्राइव्ह ट्रिप होतो (आपोआप बंद पडतो), आणि सगळीकडे एकच तोडगा दिसतो: पॅनेलचं दार उघडं, समोर उभा पंखा. पंख्याने लोखंडाची बारीक भुकटी थेट कार्डांवर जाते, आणि उघड्या टर्मिनलपाशी घामाने भिजलेला माणूस उभा असतो. हे करू नका. पॅनेल सावलीत हलवा, फिल्टर लावलेला एक्झॉस्ट फॅन बसवा, बजेट असेल तर पॅनेलचा एसी घ्या.

विदर्भात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घरोघरी आहे, तसा कारखान्यातही. तो माणसांसाठी लावा, जरूर लावा. पण त्याची ओली हवा पॅनेलवर किंवा कॉइलवर येऊ देऊ नका. वेढ्यांमध्ये शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही आणि झिंकच्या थरावर पांढरा गंज धरतो.

गंजाचं दुसरं दार म्हणजे दव. डिसेंबरच्या रात्री कॉइल गारठते. सकाळी शटर उघडताच उबदार दमट हवा आत येते आणि थंड पत्र्यावर घाम सुटतो. कोकणात आणि गोव्यात पावसाळाभर हा धोका असतो. बोट फिरवून ओल लागली तर कॉइल चढवू नका. ती आणि शेडची हवा एका तापमानाला येऊ द्या.

लांबीची खात्री करा

12 मीटरचा पोलादी पत्रा 30 अंशांच्या फरकाने 4.3 मिलिमीटर वाढतो, ॲल्युमिनियमचा 8.3. बारा फुटी पोलादी पत्र्यात हा फरक दीड मिलिमीटरही नाही, तिथे डोकं शिणवू नका. 10 मीटरच्या पुढच्या पत्र्यांना मात्र महत्त्व आहे, विशेषतः रिज (छपराचा माथा) आणि गटर दोन्हीकडे नेमकं बसवायचं असेल तेव्हा.

पोलादी मेजरिंग टेप पोलादी पत्र्याइतकीच पसरते. म्हणून टेप पत्र्यावर पाच मिनिटं पसरून ठेवा आणि दोघांचं तापमान एक झाल्यावर मोजा. ऑफिसच्या एसीतून आणलेल्या टेपने तापलेला पत्रा मोजून पीएलसीमध्ये (मशीनच्या कंट्रोलरमध्ये) दुरुस्ती घातलीत, तर संध्याकाळी निवलेला पत्रा आखूड निघेल. लांबी मोजणाऱ्या चाकावर चिकटलेला रबराचा किंवा रंगाचा थरही पुसा. चाकाचा व्यास वाढला की प्रत्येक पत्रा लांब कापला जातो.

रंगीत कॉइलची खास काळजी

कलर कोटेड पत्र्याचा रंग थंडीत कमी ताणला जातो. पत्रा 10 अंशांच्या खाली असताना तीव्र वाकावर केसासारखे तडे जाऊ शकतात. ते लगेच दिसत नाहीत, दोन पावसाळ्यांनंतर गंजाच्या रेषा होऊन उमटतात. थंडीच्या दिवसांत रंगीत काम सकाळी दहानंतर घ्या आणि पहिल्या पत्र्याचा वाक भिंगाखाली पाहा. उन्हाळ्यात उलटी अडचण असते. गार्ड फिल्म (रंगावर चिकटवलेला संरक्षक प्लास्टिकचा थर) उन्हात राहिली तर तिचा गोंद रंगावर बसतो. फिल्म लावलेले पत्रे सावलीत ठेवायचे आणि साइटवर बसवताच फिल्म काढायची, हे गिऱ्हाइकाला डिलिव्हरी चलनावर लिहूनच द्या.

मशीनजवळचा माणूस

एप्रिल-मेमध्ये जड काम पहाटे सहा ते अकरामध्ये उरका, दुपारी दुरुस्ती आणि साफसफाई ठेवा. पॉवर पॅकच्या बाजूला पिण्याच्या पाण्याचा माठ नको, तो पत्रा उचलणाऱ्यांच्या हाताशी हवा. सोबत ओआरएसची पाकिटं. उन्हातला पत्रा उघड्या हाताला भाजतो आणि त्याची कड कापते, पण घामाने ओले हातमोजे घसरतात, म्हणून प्रत्येकाला दोन जोड द्या. एखादा ऑपरेटर अचानक गप्प झाला, बटण दाबायला उशीर करू लागला, तर मशीन थांबवून त्याला आधी सावलीत बसवा.

संध्याकाळी मशीन बंद करताना उद्याची कॉइल आत आली का पाहा, पॅनेलचं दार लावा, पश्चिमेचं शटर ओढा, आणि दुपारी तीनचे आकडे वहीत लिहायचे राहिले असतील तर ज्याने मोजले त्याच्याकडून तिथेच लिहून घ्या.