चादर घेताना थ्रेड काउंटवर जाऊ नका

पाकिटावर १००० थ्रेड काउंट दिसलं की माल भारीच असणार असं वाटतं ना, पण तो आकडा म्हणजे एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून किती धागे आहेत एवढंच, आणि इंचभर जागेत धागे मावणार तरी किती, मग दोन-तीन पदरी धाग्याचा एकेक पदर सुटा मोजतात आणि आकडा फुगवतात. त्यापेक्षा एकपदरी धाग्याची २०० ते ४०० मधली चादर बरेचदा सरस निघते.

खरं बघायचं ते तंतूची लांबी. साधा कापूस साधारण २५ ते ३० मिमीचा, एक्स्ट्रा लाँग स्टेपल म्हणतात तो ३५ मिमीच्या आसपास किंवा जास्त. तंतू आखूड असले की सुतातून टोकं बाहेर येतात आणि चार धुण्यांत चादरीवर गोळे, ते अंगाला टोचतात वेगळंच. पिमा ही लांब तंतूच्या कापसाची जात चांगलीच, इजिप्शियनही, पण लेबलवर नुसतं इजिप्शियन लिहिलं असेल तर १०० टक्के आहे की नावापुरता मिसळलाय ते वाचा. कोम्ब्ड कॉटन म्हणजे आखूड तंतू विंचरून काढलेले, तेवढं तरी असावंच.

वीण आपापल्या आवडीने. परकेल एक वर एक खाली, गार आणि जरा करकरीत, घाम येणाऱ्यांनी डोळे झाकून घ्यावी. सटीनमध्ये धागा चारांवरून जाऊन एकाखालून येतो म्हणून मऊ, चमकदार, पण नख-अंगठी अडकली की लगेच ओढला जातो.

आता हाताने तपासा. कापड उजेडासमोर धरा, वीण एकसारखी दिसली पाहिजे, मध्येच विरळ पट्टे नकोत. मग दोन बोटांत जोरात चोळा, पांढरी पूड पडली तर तो जाडपणा खळीचा, पहिल्या धुण्यात जाणार.

टॉवेलला जीएसएम बघा, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, ४०० ते ६०० रोजच्याला पुरे, त्याच्यावर गेलात तर वाळता वाळत नाही. वेलवेटसारखा गुळगुळीत टॉवेल दिसायला मस्त पण त्याचे धाग्यांचे फासे (लूप) कापलेले असतात, पाणी कमी टिपतो. भांडी पुसायला तर पातळ सपाट विणीचंच फडकं, आणि यातल्या कशालाच सॉफ्टनर नको, त्याचा थर बसून पाणी शोषणंच कमी होतं.

सुती कापड आटतं, ३ ते ५ टक्के धरून चाला, म्हणजे फिटेड चादर घेताना गादीच्या उंचीत थोडी जास्तीची सूट हवीच, प्री-श्रंक, म्हणजे आधीच आटवलेलं, असं लिहिलं असलं तरी.