गायरान पुन्हा हिरवं करायचं तर सुरुवात आखरावरून

विदर्भातल्या बहुतेक गावांना थोडंफार गायरान आहे. अमरावती विभागात सातबाऱ्यावर ते ‘ई-क्लास’ म्हणून सापडतं. बऱ्याच ठिकाणी आज तिथे उघडा मुरूम, चार बाभळी, रायमुनिया (घाणेरी) आणि गाजरगवत एवढंच उरलंय. महिला बचत गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी अशी जमीन राखायला घेऊ शकते आणि गवत, सीताफळ विकून राखणीचा खर्च काढू शकते. पण ही कामं चर, म्हणजे पाणी अडवायला उतारावर खोदलेले आडवे खड्डे, चुकल्यामुळे जितकी बुडतात, त्याहून जास्त गुरांचं काय करायचं हे आधी न ठरवल्यामुळे बुडतात. म्हणून पहिली कुदळ मारण्याआधी दोन महिने हाताशी ठेवा.

आधी कागद बघा. सातबारा काढा, भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि हद्दीचे दगड रोवा. अतिक्रमणाचा वाद असेल तर तो तुकडा पहिल्या वर्षी सोडून द्या. नोंद ‘झुडपी जंगल’ अशी असेल तर ती वनजमीन धरली जाते. तिथे वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय खोदकाम करू नका. जमीन ग्रामपंचायतीच्या ताब्यात असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या. ठरावात गट नंबर, क्षेत्र, किती वर्षं आणि उत्पन्न कोणाचं हे चारही मुद्दे हवेत.

मग सकाळी आखरावर, म्हणजे गावची गुरं चरायला नेण्याआधी जमतात त्या जागी, जा. गुरं गोळा होतात त्या वेळी गायकी, म्हणजे गावचा गुराखी, तिथे असतो आणि गावात कोणाची किती जनावरं, कुठल्या महिन्यात कुठे चरतात, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. घरवार यादी करा: गायी-म्हशी किती, बैल किती, शेळ्या किती. शेळ्यांचा रकाना वेगळा ठेवा, कारण इथेच अन्याय होतो. ज्याच्याकडे वावर आहे त्याच्याकडे सोयाबीनचं कुटार आणि ज्वारीचा कडबा असतो, गायरान बंद झालं तरी त्याचं चालतं. चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीन बाईकडे यातलं काहीच नसतं. बंदी तिच्यावर पडली तर कुंपण एका रात्रीत मोडेल, आणि तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

त्यामुळे सगळं गायरान एकदम बंद करू नका. १२ एकर असेल तर ४ एकर बंद, ८ एकर चराईला खुलं ठेवा. बंद तुकडा निवडताना पाणवठ्याची वाट आणि पांदण मोकळी राहील हे बघा. बंद भागातल्या बाभळीच्या शेंगा गोळा करायचा आणि झाडांचा पाला छाटून न्यायचा पहिला हक्क शेळीवाल्या घरांना द्या, आणि तो ठरावात लिहा. राखणदार म्हणून शक्यतो गायक्यालाच नेमा. निर्णय हात वर करून बहुमताने घेण्यापेक्षा सर्वांचं पटेपर्यंत पुन्हा बसा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हीच सर्वसहमतीची पद्धत धरली आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्कही मिळवला. वेळ लागतो, पण एक घर जरी नाराज राहिलं तरी चार एकराला राखण पुरत नाही.

चर कुठे, किती आणि कसे

चर मुरमाड, बरड उतारावरच खोदा. भारी काळ्या जमिनीत नको: उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, चराच्या भिंती ढासळतात. तिथे धुऱ्यावर (बांधावर) गवत लावणं पुरतं.

समपातळी काढायला ‘ए’च्या आकाराची चौकट घरीच होते. सात फुटांचे दोन सरळ बांबू टोकाशी बांधा, खालचे पाय दोन मीटर फाकवा, मधोमध आडवी काठी बांधा. टोकावरून सुतळीला अर्धा किलोचा दगड आडव्या काठीच्या खालपर्यंत लोंबू द्या. हलका दगड वाऱ्यावर हलत राहतो. आता दोन खुंट्यांवर पाय ठेवून सुतळी आडव्या काठीवर जिथे लागते तिथे खूण करा. पायांची अदलाबदल करून, म्हणजे डावा पाय उजव्या खुंटीवर ठेवून, दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण म्हणजे समपातळी. हे न करता काम सुरू केलं तर रेषा दर पावलाला थोडी थोडी उतरत जाते आणि चरातलं सगळं पाणी एका टोकाला साचून तिथूनच फुटतं. बांधलेली गाठ सैल होते, म्हणून रोज सकाळी खूण पुन्हा तपासा. मग सुतळी मधल्या खुणेवर राहील अशी चौकट पावलापावलाने पुढे फिरवत न्या आणि पाय टेकले त्या जागा जोडत रेषा फक्कीने आखा.

माप: ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल, ५ मीटर लांब. मग अर्धा मीटर न खोदता सोडा, पुढचा चर सुरू करा. मधला ठोकळा ठेवला की एक चर फुटला तरी ओळ वाहून जात नाही. मध्यम उतारावर ओळींमध्ये १० मीटर अंतर ठेवा, उतार जास्त असेल तर ६ ते ८. एका चरात ९०० लिटर पाणी मावतं. एकरी साधारण ७० चर बसतात, म्हणजे ६० हजार लिटरच्या वर. एक इंच पाऊस एका एकरावर जवळपास १ लाख लिटर पाणी टाकतो आणि त्यातलं काही जागेवरच मुरतं, त्यामुळे एवढी साठवण नेहमीच्या सरींना पुरते.

खोदाई माथ्यावरून खाली करत या. खालून सुरू केली आणि मध्येच पाऊस आला, तर वरचं सगळं पाणी अर्धवट चरांवर येतं. माती उताराच्या खालच्या बाजूला टाका, चराच्या काठापासून एक फूट सोडून. काठालाच ढीग लावला तर पहिल्याच जोराच्या सरीत तो पुन्हा चरात बसतो. ओहोळाच्या वाटेवर चर आडवा नेऊ नका, तिथे थांबून पलीकडे सुरू करा.

कडक मुरमात एक माणूस दिवसाला दोन चर काढतो. ऑक्टोबर ते जानेवारी लोक सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीत असतात, तेव्हा बोलावू नका. फेब्रुवारी-मार्च चांगला. मे महिन्यापर्यंत गेलंच तर पहाटे साडेपाच ते साडेनऊ, त्यानंतर एकही फावडं चालवायचं नाही.

गवत

मातीच्या ढिगावर स्टायलो हेमाटा हे शेंगवर्गीय चारापीक, मोकळ्या जागेत पवन्या आणि अंजन ही गवतं, ओल टिकते तिथे मारवेल गवताचे ठोंब. स्टायलोचं बी कडक असतं. उकळी यायच्या आत उतरवलेल्या गरम पाण्यात ४-५ मिनिटं ठेवा, लगेच गार पाण्यात टाका, सावलीत सुकवा. एकरी दोन-अडीच किलो बी चौपट बारीक मातीत मिसळून फेका म्हणजे सारखं पडतं. दोन चांगले पाऊस झाल्यावर पेरा आणि काटेरी फांदी फिरवून जेमतेम झाका. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर वर येत नाही. रायमुनिया पावसाळ्याच्या सुरुवातीला, माती मऊ असताना, मुळासकट उपटा. नुसती छाटली तर दुप्पट फुटते.

कुंपणाला बोराटीचे काटे लावा, आतून सीताफळ. शेळ्या सीताफळाला तोंड लावत नाहीत.

पहिल्या वर्षी विक्रीचं गवत धरूच नका, बी जमिनीवर पडू द्या. दुसऱ्या वर्षापासून फुलोऱ्यात आल्यावर विळ्याने कापा, चार बोटं बुडखा ठेवून. कुसळी गवत असेल तर कुसळं धरण्याआधीच, नाहीतर गुरांच्या तोंडात जखमा होतात. किती गवत आहे हे अंदाजाने सांगू नका: एक मीटरचा चौकोन पाच वेगवेगळ्या ठिकाणी कापून तोला, सरासरी ग्रॅमला ४ ने गुणा, आलेला आकडा म्हणजे एकरी किलो. २०० ग्रॅम म्हणजे एकरी ८०० किलो ओला चारा. यावरून भारे ठरवा. श्रमदान केलेल्या आणि शेळीवाल्या घरांना आधी, उरलं ते विक्रीला.

भाऱ्याचा दर ग्रामसभेत ठरवा. पैसे संयुक्त सहीच्या खात्यात, राखणदाराचा पगार त्यातून सगळ्यात आधी. वही दर महिन्याला चावडीवर मोठ्याने वाचा. वाचायचं दोन महिने राहिलं की कुजबुज सुरू होते, आणि ती थांबवायला वर्ष जातं. घुसलेल्या गुरांचा दंड सरपंचाच्या बैलालाही तेवढाच.

फेब्रुवारीत कडेने तीन मीटर रुंद पट्टा गवत काढून मोकळा करा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचताना झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि ठिणगी इथपर्यंत येते. पाला जाळण्याऐवजी झाडून कडेला ओढण्यासाठी गटातल्या चार जणी आठवडाभर वेचणाऱ्यांच्या सोबतीला गेल्या तर आग लागतच नाही.

दोन पावसाळे झाले की बंद तुकडा खुला करा आणि पुढचे ४ एकर बंद करा. खुला करायचा तो नोव्हेंबरात, बी पडल्यावर. पहिला महिना फक्त गायी-बैल, शेळ्या त्यानंतर, कारण शेळी कोवळ्या झाडांचे शेंडे खाते. गाळाने भरलेले चर उकरू नका. त्या गाळात गवत सगळ्यात दाट येतं.