जलरंगात ‘मजा येत नाही’ म्हणून अडलेल्यांसाठी

नोकरीधंद्यात स्थिरावल्यावर पुन्हा ब्रश हातात घेणारे बरेच जण थोड्याच दिवसांत कुरकुरतात: छंद म्हणून सुरू केलं, पण मजाच येत नाही. मग मजा येत नाही याचंही टेन्शन. यात दोष मनाचा कमी आणि बसायच्या पद्धतीचा जास्त असतो.

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्यांना तर सवयच लागलेली असते. वस्तुचित्र असो की स्मरणचित्र, ठरलेल्या वेळात पूर्ण चित्र द्यायचं आणि ग्रेडची वाट बघायची. परीक्षा संपली तरी ग्रेड डोक्यातून जात नाही. म्हणून सुरुवातीच्या बैठकांत ‘चित्र’ काढूच नका.

22 × 30 इंचांचा 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जलरंगाचा एक जाड कागद घ्या. दोन्ही बाजूंनी चार-चार भाग केले की 5.5 × 7.5 इंचांचे 16 तुकडे होतात. एक बिघडला तर जीव हळहळत नाही. पैसे वाचवायला साधा कार्ट्रिज, म्हणजे नेहमीचा ड्रॉइंगचा कागद, मात्र घेऊ नका. पाणी लागताच तो फुगतो, खळग्यांत रंग साचतो, वॉश (पातळ रंगाचा सलग हात) डागाळतो, आणि नवखा माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ.

रंग दोनच: अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना. प्रमाण बदलत पाच राखाडी छटा करा, निळसर ते तपकिरी. त्यांत आवडण्या-नावडण्यासारखं काही नसतं, हाच फायदा. 25 मिनिटांचा गजर लावा. वाजला की उठायची मुभा आहे, सक्ती नाही.

बहुतेकांचं बिनसतं ते वॉश अर्धवट वाळलेला असताना. कागदावर चमक आहे तोवर त्यात दुसरा रंग सोडता येतो. चमक गेली, पण कागद हाताच्या मागच्या बाजूला गार लागतोय, तेव्हा ब्रश लावायचा नाही. लावलात तर नवं पाणी आधीचा रंग ढकलतं आणि कातरलेल्या कडांचे, फुलकोबीसारखे डाग उमटतात. नेमका याच वेळी कंटाळा येतो, हात शिवशिवतो आणि ‘जरा इथे सुधारू’ सुरू होतं. त्यामुळे दोन तुकडे शेजारी ठेवून आलटून-पालटून काम करा. कोकणात पावसाळ्यात वॉश लवकर वाळत नाही. हेअर ड्रायर हातभर अंतरावरून, तोही चमक गेल्यावरच. आधी मारला तर ओला रंग वाहवत जातो.

ओल्या रंगावरून निकाल देऊ नका, वाळल्यावर तो फिका होतो. तुकड्यामागे तारीख आणि त्या दिवशी काय करून पाहिलं ते लिहा, डब्यात टाका, आठवड्याने काढा. इन्स्टाग्रामवर टाकायचंच असेल तर तेव्हा. ‘रोज एक चित्र’ची आव्हानं नवख्यांनी टाळलेली बरी, एक दिवस चुकला की सगळंच सुटतं.

इतकं करूनही महिनाभर बसावंसंच वाटलं नाही, तर कोळसा किंवा शाईचं पेन घ्या, नाहीतर सरळ थांबा. पॅलेटवरचा रंग फुकट जात नाही. ट्यूबमधला जलरंग वाळला तरी दोन थेंब पाण्याने पुन्हा उठतो. उरलेला कागद तेवढा प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवा. दमट हवेत त्याला बुरशीचे ठिपके पडतात, आणि त्यावरचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच मुरू न देणारा लेप, गेलं की तो टीपकागदासारखं पाणी शोषतो.