मल्चिंगच्या कामाचा दर सांगताना या चुका टाळा

मल्चिंगसाठी, म्हणजे झाडाभोवतीची माती भुसा-पाचटाच्या थरानं झाकून घ्यायच्या कामासाठी, फोन येतो. "आमच्या बागेत झाडांच्या बुडात ते भुशाचं, टरफलांचं घालतात की, ते करायचंय. स्क्वेअर फुटाला किती घेता?" आणि लँडस्केपिंगवाला जागा न बघता, जाडी न विचारता सांगून मोकळा होतो, "वीस रुपये." काम संपल्यावर हिशेब बसत नाही. कधी ट्रॉलीची एक खेप वाढलेली असते, कधी गड्यांची हजेरी. माल चौरस फुटावर विकत मिळत नाही, तो ब्रासवर मिळतो. ट्रॉलीचं भाडं खेपेवर असतं, मजुरी दिवसावर. फक्त गिऱ्हाइकाला सांगायचा दर तेवढा चौरस फुटावर. म्हणजे तो आकडा हिशेबाच्या शेवटी यायला हवा, आणि आपण तोच सगळ्यात आधी बोलून बसतो.

जाडी न ठरवता क्षेत्रफळावर दर

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. २ इंचांच्या थराला त्यात ६०० चौरस फूट झाकतं, ३ इंचांला ४००, ४ इंचांला फक्त ३००. गुंठ्याचं (१,०८९ चौरस फूट) काम ३ इंचांनी करायचं तर २.७ ब्रास लागतो, ४ इंचांनी केलं तर ३.६. एका इंचानं माल तिसऱ्या हिश्श्यानं वाढला, आणि तुम्ही दर तोच ठेवलात.

त्यातही थर टाकताना ३ इंच की दबल्यावर ३ इंच, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं. कुट्टी केलेलं पाचट आणि रंध्याचा भुसा पहिल्या दोन पावसांतच खाली बसतो. गिऱ्हाईक पट्टी घेऊन येतं आणि "अहो, दोनच इंच आहे की ओ हे!" म्हणतं. त्याचं चुकत नाही. मालात १५ टक्के वाढीव धरा, पाचटाला २० धरा, आणि कोटेशनवर स्पष्ट लिहा : "टाकताना ३ इंच". काम चालू असताना ३ इंचांवर खूण केलेली काडी गड्याच्या हातात द्या. नजरेनं टाकलेला थर कडेला जाड आणि मध्ये पातळ होतो, हे ठरलेलं.

झाडांच्या बुडाभोवतीची गोल अळी वेगळी मोजा. ५ फूट व्यासाचं अळं म्हणजे साधारण २० चौरस फूट, ३ इंचांला ५ घनफूट. अशी २० अळी झाली की एक ब्रास संपला. "झाडंच तर आहेत पंधरा-वीस" म्हणून फुकटात धरली जातात ती हीच.

खेपांचा हिशेब अपूर्णांकात

ट्रॉली मोजून घ्या. आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट उंच असेल तर १२० घनफूट. वरून फळ्या लावल्या तर जास्त, पण ते भरणाऱ्याच्या मर्जीवर. तुम्हाला २६० घनफूट माल हवा असेल तर कॅलक्युलेटर २.१६ दाखवतो. ट्रॅक्टरवाला ०.१६ खेप करत नाही. त्या तीन खेपा झाल्या. अशा वेळी एक तर थर थोडा कमी करून दोन खेपांत बसवा, नाहीतर तिसरी खेप पूर्ण भरून उरलेला माल दुसऱ्या जवळच्या कामाला न्या. काहीच न करता तिसऱ्या खेपेचं भाडं खिशातून देणं हा सगळ्यात वाईट पर्याय, आणि बहुतेकदा तोच होतो.

वजनावर माल घेताना आणखी एक फसगत असते. पावसाळ्यात सॉ मिलच्या उघड्या ढिगातला भुसा टनावर घेतला तर तुम्ही पाण्याचे पैसे देता. ओला किंवा सुका, भुसा मापावरच घ्या. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याचा भुसा) ५ किलोची विट भिजवून फुगवली की साधारण ७० लिटर, म्हणजे अडीच घनफूट होते. ब्रासभर कोकोपीटला ४० विटा लागतील. ते वरचा थर म्हणून महागही पडतं आणि वाळलं की वाऱ्यानं उडतंही. कुंडीत घाला, वाफ्यावर नको.

रस्ता ते वाफा हे अंतर न धरणं

मजुरीचा खरा घोटाळा इथं आहे. एका घमेल्यात साधारण ०.४ घनफूट माल मावतो. ब्रासला २५० घमेली. ट्रॉली गेटबाहेर उभी आणि वाफे घरामागे ५० फुटांवर असतील, तर जाऊन-येऊन एका खेपेला १०० फूट. एका ब्रासमागे २५,००० फूट, म्हणजे साडेसात किलोमीटर चालणं, त्यातलं अर्धं डोक्यावर ओझं घेऊन. बेळगावच्या टिळकवाडी, शहापूरसारख्या जुन्या वस्तीत बाजूची बोळ दोन-अडीच फुटांची असते. तिथं एका वेळी एकच माणूस जातो, समोरून येणारा थांबतो. अशा जागी गड्यामागे दिवसाला एक ब्रास धरा, त्याहून जास्त नको. ट्रॉली थेट वाफ्यापाशी लागत असेल आणि एकचाकी हातगाडी चालत असेल तर दोन ब्रास होऊ शकतात, कारण हातगाडीत ३ घनफूट बसतो आणि खेपा ३३ वर येतात.

म्हणून जागेवर गेल्यावर क्षेत्रफळाआधी तीन गोष्टी बघा : ट्रॉली कुठवर येते, बोळ किती रुंद आहे, वाटेत पायऱ्या किती. पायऱ्या असतील तर हातगाडी विसरा.

खानापूर भागात जुलैत रोप लावणी आणि नोव्हेंबरच्या सुमारास भाताची सुगी. त्या दिवसांत गडी मिळत नाहीत, मिळाले तर हजेरी वाढवून मागतात. एप्रिलमध्ये दिलेलं कोटेशन जुलैत तसंच चालवू नका. "हा दर १५ दिवसांसाठी" ही ओळ कागदावर हवीच.

तण काढणं दरात गुपचूप धरणं

हरळी आणि लव्हाळा असलेल्या जागेवर नुसतं मल्चिंग टाकलं तर महिन्याभरात लव्हाळ्याची पाती वर येतात आणि बोल तुम्हाला लागतो. लव्हाळ्याच्या गाठी खणून काढाव्या लागतात, आणि ते काम पसरण्यापेक्षा जास्त वेळ खातं. स्वच्छ वाफा आणि लव्हाळ्यानं भरलेला वाफा यांचा दर एकच असू शकत नाही. साफसफाईची ओळ वेगळी टाका, रक्कम वेगळी टाका. खाली तणरोधक कापड घालायचं असेल तर जोडावर ६ इंच एकावर एक चढवा, दर ३ फुटांवर पिन मारा, आणि कापड क्षेत्रफळापेक्षा १२ टक्के जास्त धरा. गोल वाफ्यात तेवढं कातरून वाया जातंच. लव्हाळा मात्र पातळ कापडही भोसकून वर येतो. याची हमी देऊ नका.

एक पूर्ण हिशेब

रकमा उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचे भाव घाला.

वाफे ९०० चौरस फूट, थर ३ इंच. २२५ घनफूट, त्यात १५ टक्के वाढीव धरून सुमारे २६० घनफूट, म्हणजे २.६ ब्रास. माल ब्रासला २,००० रुपये, तर ५,२००. ट्रॉली तीन खेपा, १,२०० प्रमाणे ३,६००. साफसफाईला दोन, पसरायला तीन, कडा-पाणी-झाडलोट यांना एक, असे सहा गडी-दिवस, ७०० प्रमाणे ४,२००. बेरीज १३,०००. त्यावर जागा बघायला केलेल्या फेऱ्या, पेट्रोल, फोन, मोडणारी अवजारं यांचे १० टक्के, १,३००. एकूण खर्च १४,३००.

आता नफा. २० टक्के हवा म्हणून बरेच जण १४,३०० वर २० टक्के चढवतात आणि १७,१६० सांगतात. त्यात बिलाच्या फक्त १६.७ टक्के हातात राहतात. बिलाच्या २० टक्के हवे असतील तर खर्चाला ०.८० नं भागा : १७,८७५. फरक सातशे रुपयांचा दिसतो, पण वर्षाला चाळीस कामं केली तर तो एका गड्याच्या चाळीस हजेऱ्यांएवढा होतो. २५ टक्क्यांना ०.७५ नं भागायचं, ३० ला ०.७० नं.

१७,८७५ भागिले ९०० म्हणजे फुटाला २० रुपयांच्या आत-बाहेर. पण हाच वीसचा दर शेजारच्या १५० फुटांच्या बागेला लावून बघा. बिल ३,००० होतं. माल ४३ घनफूट, ८६० रुपये. ट्रॉली मात्र पूर्ण, १,२००. गडी दोन दिवस, १,४००. वरचे १० टक्के धरून खर्चच ३,८०६. आठशे रुपये पदरचे घालून तुम्ही काम केलंत. या कामाचा खरा दर ४,७५७, फुटाला ३२ रुपये. म्हणून किमान बिलाची रक्कम ठरवा आणि ती फोनवरच सांगा. छोटी कामं सोडायची नसतील तर एका गल्लीतली दोन-तीन जमवून एका खेपेत करा.

माल ओळखण्यातल्या चुका

पाचट आणि चिपाड साखर कारखान्यांचा हंगाम चालू असताना स्वस्त. चिकोडी, निपाणी, रायबागच्या बाजूला ते हाताशी असतं, खानापुरात भाताचा तूस आणि लाकडाचा भुसा. बेळगावातून निपाणीला माल न्यायचा म्हणजे पाऊणशे किलोमीटर. तिथल्या कामाला तिथलाच माल बघा.

तूस हलका. खानापूर-जांबोटीच्या पावसात उताराच्या वाफ्यावर टाकला तर पहिल्या मोठ्या सरीत गटारात जातो, आणि तुम्हाला फुकटात परत टाकावा लागतो. उतारावर लाकडाचे तुकडे किंवा कुट्टी पाचट, आणि वरच्या अंगाला पाणी वळवायचा चर. चर खणायची मजुरीही लिहा. शिवाय गिरणीच्या तुसात राहिलेलं भात उगवतं, हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

काजूची टरफलं दिसायला फार छान, आणि खानापूर-चंदगडकडे सहज मिळतात. पण कच्च्या टरफलातलं तेल कातडी भाजतं. तेल न काढलेली टरफलं बागेत घालूच नका, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

परत बोलावणं आलं तर

पानं पिवळी पडली : ताजा भुसा खणताना मातीत मिसळला गेला असेल. तो कुजताना मातीतलं नत्र खेचतो. वरचा भुसा बाजूला सारून १०० चौरस फुटाला १०० ग्रॅमच्या आसपास युरिया पाण्यातून द्या आणि पुढच्या वेळी भुशाखाली अर्धा इंच शेणखत धरा. त्याची किंमतही दरात धरा.

टाकल्या दिवशीच कोवळी रोपं करपली आणि मालाला आंबूस वास : ओला ढीग बराच काळ दाबून ठेवलेला होता. असा माल उतरवल्यावर दोन दिवस पसरून वारा लागू द्या. वास गेल्याशिवाय वाफ्यात नको.

पांढरे धागे : बुरशी आहे, लाकूड कुजवते, झाडाला इजा करत नाही. दाताळ्यानं वरखाली करा. याला पैसे घेऊ नका आणि घाबरूही नका.

खोड बुडाशी कुजलं : ही मात्र तुमची चूक. खोडाला टेकून ढीग केला होता. ४ इंच जागा मोकळी ठेवायची, थर वाटीसारखा. तसंच भिंतीपासून आणि लाकडी चौकटीपासून फूटभर लांब, नाहीतर वाळवीचा खर्च कोणाच्या नावावर पडेल सांगता येत नाही.

सीमेपलीकडचं काम

महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लजची कामं आपल्याकडे बेळगावात येतातच. सेवेत वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आणि नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचा नाही. कापड-पिनांवर तुम्ही भरलेला कर हा तुमचा खर्च, तो दरात घाला. नियमित नोंदणी असेल तर बागकामावर १८ टक्के, आणि बाग महाराष्ट्रात असल्यानं तो आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी) होतो. गिऱ्हाईक बेळगावात राहतं की नाही याला महत्त्व नाही, बाग कुठं आहे ते बघायचं. कंपोझिशन (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची जीएसटीची योजना) घेतलेल्यांनी मात्र राज्याबाहेरचं काम घ्यायचंच नाही, ती परवानगी त्या योजनेत नाही. दर सांगताना "जीएसटी वेगळा" हे शब्द तोंडी न ठेवता कागदावर ठेवा.

बंगल्याचा मालक मराठी आणि माळी कन्नड बोलणारा असेल तर जाडी, खोडाभोवतीची मोकळी जागा आणि पाण्याचं वेळापत्रक या तीन ओळी कन्नडमध्येही लिहून द्या. पाईपची धार थेट मल्चवर मारून वाफा उघडा पाडणारा माळीच असतो, आणि फोन मात्र तुम्हाला येतो.

दुसऱ्या वर्षीचं काम

वर्षानं तेच गिऱ्हाईक बोलावतं तेव्हा पुन्हा पूर्ण थराचा दर सांगणं ही चूक, आणि "नुसतं वरून टाकायचंय" म्हणून अर्धा दर सांगणं ही त्याहून मोठी. चार-पाच ठिकाणी काडी खुपसून राहिलेला थर मोजा. दीड इंच उरला असेल तर माल निम्माच लागेल. पण त्या ९०० फुटांना तो १३० घनफूट होतो, म्हणजे ट्रॉली दोन खेपा, आणि फेऱ्या, झाडलोट, गड्यांना आणणं-सोडणं फारसं कमी होत नाही. वरच्या हिशेबात माल २,६००, ट्रॉली २,४००, गडी चार दिवस २,८०० आणि १० टक्के धरून खर्च ८,५८०, बिल १०,७२५. म्हणजे फुटाला १२ रुपये. १० नाहीत.