आधी वही, मग कोर्स

आजारपणानंतर पेशंटला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करतो तो ऑक्युपेशनल थेरपिस्ट; मीही तेच काम करते. नवीन थेरपिस्ट मला विचारतात, "मॅडम, पुढे कोणता कोर्स करू?" मी सांगते, आधी एक दोनशे पानी वही आण.

माझ्या पहिल्याच वर्षी अर्धांगवायूनंतर उजवा हात गेलेल्या एक आजी आल्या. मी त्यांना तीन आठवडे पेगबोर्डवर खुंट्या लावायला बसवलं. एक दिवस म्हणाल्या, "बाई, ह्या खुंट्या लावून भाकरी थापता येणार का गं?" त्या रात्री घरी मी एकट्या डाव्या हाताने भाकरी थापायला घेतली. परात गरगर फिरायची, कडा फाटायच्या. खाली ओलं फडकं घातलं, तेव्हा परात जागेवर बसली. दुसऱ्या दिवशी तेच फडकं विभागात नेलं.

तेव्हापासून पेशंटला सांगायचं काम मी आधी स्वतः एका हाताने करून बघते. तुम्हीही करा. पेशंट गेला की वहीत तीन ओळी लिहा: काय केलं, कुठे अडलं, उद्या काय बदलणार. महिनाअखेरीस वाचा. एकच अडचण पुन्हापुन्हा दिसली तर त्याच विषयाची कार्यशाळा गाठा. नुसत्या प्रमाणपत्रांची माझी एक फाइल आहे, कधी उघडत नाही.

सीओपीएम (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर) ही पेशंटची प्रगती मोजायची पद्धत शिकाच. त्यात पेशंट स्वतःच काम किती जमतं आणि समाधान किती, याला १ ते १० गुण देतो. दोन गुण वाढले की सुधारणा धरतात.

सहा महिन्यांतून एकदा सीनिअरला तुमचं सेशन बघायला बोलवा. चहा मात्र नंतर पाजा, आधी नाही.