तरंगणाऱ्या वस्तूचं वजन पाण्यावरून कसं काढावं

नुसत्या पाण्याचं वजन करायचं तर रिकामं भांडं वजनकाट्यावर ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि पाणी ओता. ३० अंश सेल्सिअसला १ लिटर पाणी सुमारे ९९६ ग्रॅम भरतं.

तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. तेवढंच पाणी गोळा करून तोललं की झालं. नियम आर्किमिडीजचा आहे, तो चुकत नाही. आकडा चुकतो तो भांडं भरताना.

‘भांडं काठोकाठ भरा आणि वस्तू सोडा’ हा सल्ला मुळीच ऐकू नका. काठोकाठ म्हणजे नेमकं किती? पृष्ठताणामुळे पाणी काठाच्याही वर फुगून उभं राहतं. १५ सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात २ मिलिमीटरचा फुगवटा म्हणजे तब्बल ३५ ग्रॅम पाणी! वस्तू ठेवताच तो फुटला तर वजन जास्त येतं, आणि पाणी आधीच काठाच्या खाली असेल तर कमी. मी कितीतरी दिवस वजनकाट्यालाच दोष देत बसलो होतो.

उपाय असा. भांड्याला वरच्या बाजूला भोक पाडून त्यात छोटी नळी बसवा, बाहेरचं टोक किंचित खाली झुकलेलं. भोकाभोवतीची फट नीट बुजवा. नळीच्या वरपर्यंत पाणी भरा आणि जास्तीचं वाहून जाऊ द्या. धार थांबली म्हणून घाई करू नका, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा. आता कोरडं, आधी तोललेलं भांडं नळीखाली ठेवा. वस्तू सोडल्यावरही तितकंच थांबायचं. सुरुवातीला आणि शेवटी पातळी एकाच जागी स्थिरावली पाहिजे, सगळी अचूकता त्यातच आहे. पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकला तर थेंब नळीच्या तोंडाशी कमी अडकतात. भांडं वस्तू जेमतेम मावेल इतकंच अरुंद घ्या.

वस्तू दोऱ्याने अलगद सोडा. बोटं बुडाली तर त्यांच्यामुळेही पाणी सांडतं. वस्तू कडेला टेकू देऊ नका.

लाकूड पाणी पितं म्हणून काळजी नको: जितकं पितं तितकं ते जड होतं आणि तितकंच जास्त पाणी सारतं, पण प्यायलेलं पाणी भांड्यातूनच गेलेलं असतं, त्यामुळे सांडलेल्या पाण्याचा हिशोब बदलत नाही. फक्त पडताळणीसाठी लाकूड तोलायचं ते आधी, कोरडं असताना.

सांडलेलं पाणी मापाने मोजू नका, तोला. मिठाच्या पाण्यात तीच वस्तू कमी बुडते, म्हणून मिलिलिटर कमी भरतात. ग्रॅम मात्र तेवढेच राहतात.